धरणाची लेव्हल किती ठेवायची यापेक्षा ती कधी आणि किती वेगानं उतरवायची ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: सातपुड्याच्या पायथ्याशी एक मध्यम प्रकल्प, खाली कालव्यावर केळी, गहू, हरभरा. वर बॅकवॉटरच्या काठाला ज्यांच्या जमिनी बुडीतात गेल्या ती मंडळी पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत पेरणी, म्हणजे गाळपेर, करतात, भोई समाजाची मच्छीमार सोसायटी आहे, काठावर देवीचं ठाणं आहे आणि अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास तिथं यात्रा भरते. त्यात आता पक्षी बघणारी पोरं म्हणतात की मधल्या बेटावर सुरय घरटी करतात, पाणी एकदम उतरवू नका. कालव्यावाले म्हणतात सोडा, यात्रा कमिटी म्हणते ठेवा, गाळपेरवाले म्हणतात लवकर उतरवा, भोई म्हणतात खाली फार नेऊ नका. विचारणाऱ्या भाऊंचं म्हणणं, सगळ्यांना चालेल अशी एक लेव्हल कोणती आणि ती ठरवायची कोणी?

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून खान्देशातच नोकरी केली, तापीवर, गिरणेवर आणि सातपुड्याच्या मध्यम प्रकल्पांवर, त्यामुळे ही भांडणं मला माहिती आहेत आणि दर वर्षी "पानी कव्हय सोडशात?" (पाणी कधी सोडाल?) हा प्रश्न ऐकण्यातच नोकरी गेली म्हटलं तरी चालेल. तर सरळ सांगतो, सगळ्यांना चालेल अशी एक लेव्हल नसते, ती शोधूच नका. धरणातलं पाणी ऑक्टोबरात वर असतं आणि जूनमध्ये खाली जातं, ते जाणारच, त्याच्यासाठीच धरण बांधलंय. भांडण्यासारख्या गोष्टी दोनच, कुठल्या तारखेला पाणी कुठं असेल आणि तिथपर्यंत ते किती वेगानं उतरेल. या दोन गोष्टी आधी ठरल्या आणि सगळ्यांना आधी कळल्या तर निम्म्याहून जास्त भांडण राहतच नाही, कारण बहुतेकांना पाणी जास्त नको असतं, वेळेवर हवं असतं किंवा वेळेवर उतरलेलं हवं असतं.

आता हे नुसतं बोलून होत नाही, आकडे लागतात. पहिलं काम म्हणजे धरणाचा क्षमता तक्ता मागवा, म्हणजे कुठल्या पातळीला किती दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी आणि किती हेक्टर पसरलेलं आहे तो तक्ता, शाखा कार्यालयात असतोच. बघितलं की लक्षात येईल, धरण परातीसारखं असतं, वरचा एक मीटर उतरवला की ढीगभर पाणी बाहेर जातं आणि तळाचा एक मीटर उतरवला तर हाताशी थोडंच लागतं. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये खालच्या अर्ध्या मीटरसाठी जी डोकेफोड चालते, त्या अर्ध्या मीटरमध्ये कालव्याचं एक पूर्ण आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची एक पाळी, सुद्धा बसत नाही बऱ्याचदा, पण त्याच अर्ध्या मीटरवर मासे, घरटी, जॅकवेल (गावाला पाणी उपसायची विहीर) सगळं अवलंबून असतं. हे एकदा शेतकऱ्यांच्या समोर तक्ता ठेवून दाखवलं की ते ऐकतात, मी ऐकलेलं बघितलंय. फक्त एक आहे, तक्ता जुना असेल तर त्यावर विसंबू नका. गाळ बसतो आणि तक्त्यातला आकडा कागदावरच राहतो. भुसावळजवळच्या हतनूर धरणात तापी आणि पूर्णा दोन्ही नद्या गाळ आणतात आणि गाळामुळे तिथली साठवण कमी झाली ही गोष्ट भुसावळपासून रावेरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. नाशिकची मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, सॅटेलाइटच्या फोटोंवरून धरणांच्या गाळाचं सर्वेक्षण करते, तुमच्या प्रकल्पाचं झालंय का ते विचारा, झालं असेल तर तोच आकडा धरा.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आणि ते कोणी करत नाही. धरणाच्या मोजपट्टीवर लेव्हल मीटरमध्ये वाचतात, समुद्रसपाटीपासून. पण यात्रा कमिटी बोलते पायऱ्यांत, "खालून पाचव्या पायरीला पाणी पाहिजे", गाळपेरवाला बोलतो बांधात, "नानांच्या बांधापर्यंत उतरलं की माझं शेत मोकळं", भोई बोलतात बुडालेल्या जुन्या गावाच्या खुणांवर, "जुन्या विहिरीचं तोंड दिसलं की समजायचं संपलं", आणि पक्षीवाली पोरं बोलतात फोटोत. साहेब बोलतो दोनशे अमुक पॉइंट तमुक. सगळे एकाच पाण्याबद्दल बोलतात आणि कोणाचं कोणाला कळत नाही. म्हणून एक दिवस डम्पी लेव्हल किंवा ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, घेऊन खात्याचा माणूस, सरपंच, सोसायटीचा चेअरमन, दोन गाळपेरवाले आणि त्या पोरांतलं कोणी असे सगळे मिळून काठानं फिरा आणि एकाच बेंचमार्कवरून, म्हणजे उंची माहीत असलेल्या खुणेवरून, सगळ्यांची उंची काढा. घाटाची प्रत्येक पायरी, गावाच्या पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलचा इनटेक (पाणी आत घेणारं तोंड), गाळपेरीचे वरचे आणि खालचे गट, जुनी विहीर, आणि बेट काठाला जिथं जोडलं जातं तो सगळ्यात सखल भाग. बेटाजवळची जमीन पाण्याखाली असेल तर होडीतून काठी टाकून खोली मोजा आणि त्या दिवशीच्या मोजपट्टीच्या आकड्यातून वजा करा. एका दिवसाचं काम आहे. घाटाच्या पायऱ्यांवर ऑइलपेंटनं मीटरचे आकडे टाकून घ्या, मग पुढच्या मीटिंगला पायरी म्हणा की मीटर म्हणा, दोन्ही एकच होतं.

हे आकडे एका कागदावर एकाखाली एक मांडले की दिसतं की भांडण जिथं वाटत होतं तिथं नाहीच. मला आठवतो तो एक मध्यम प्रकल्प, तिथं यात्रा कमिटी आणि कालव्यावाले एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि कागदावर आकडे आले तेव्हा कमिटीला जी पायरी पाहिजे होती ती पिण्यासाठी राखून ठेवलेल्या पाण्याच्याच पातळीत येत होती, म्हणजे ते पाणी कालव्याला मिळणारच नव्हतं. भांडण कशाचं होतं मग?

राखीव पाण्याचं आधी बोलतो, कारण त्याच्यावर तडजोड नाही. दर वर्षी १५ ऑक्टोबरचा साठा धरून पुढच्या पावसापर्यंत पिण्याला किती लागेल ते जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर आरक्षित होतं, मग उरलेल्यात शेती आणि उद्योग, आणि कालवा सल्लागार समितीत रब्बीची-उन्हाळ्याची आवर्तनं ठरतात. इथं लोक फसतात ते असे की आरक्षण दलघमीत होतं पण जॅकवेलला दलघमी समजत नाही, त्याला इनटेकची पातळी समजते. साठा कागदावर शिल्लक आणि इनटेक उघडा पडलेला, मग मे महिन्यात चर खणा, तरंगता पंप टाका, टँकर लावा. म्हणून तुमच्या तक्त्यात सगळ्यात खालची लाल रेघ इनटेकची, त्याच्या वर उन्हाळ्यातल्या बाष्पीभवनाची भर. खान्देशातल्या उन्हाची भर कमी धरू नका. हिशोब सोपा आहे, पाण्याचा पसारा १००० हेक्टर असेल आणि दिवसाला १० मिलिमीटर उडालं तर एका दिवसात १ लाख घनमीटर गेलं, म्हणजे १० कोटी लिटर. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावच्या उन्हात १० मिलिमीटर काही फार नाही. तुमचा पसारा १००-१५० हेक्टर असेल तर त्या प्रमाणात काढा. शेतकरी म्हणतात ना की पक्ष्यांसाठी पाणी ठेवून उन्हात उडवायचं का, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते उडवून लावू नका. उथळ पसरलेलं पाणी खरंच जास्त उडतं. पण त्याचं उत्तर असं की उथळ वरचं पाणी रब्बीला आधी वापरा आणि खोल भागातलं, जिथं पसारा कमी आहे, ते शेवटपर्यंत ठेवा, आणि नेमकं तेच मासे आणि सुरयांना हवं असतं.

आता उतरण्याच्या वेगाबद्दल, माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं आणि सगळ्यात कमी चर्चा याचीच होते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रब्बीची आवर्तनं असतात. पद्धत अशी पडलीय की आवर्तन सुरू झालं की पूर्ण ताकदीनं सोडायचं, टेलवाले, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडचे शेतकरी, ओरडतात म्हणून, आणि मग एकदम बंद. त्यात धरणात पाणी काही दिवसांत धाडकन उतरतं आणि मग आठवडेच्या आठवडे तिथंच. काठावर काय होतं बघा. पाणी हळूहळू उतरलं तर दर दिवशी एक ओला पट्टा उघडा पडतो, त्या ओल्या चिखलात किडे-अळ्या असतात आणि हिवाळ्यात आलेले तुतवार, चिखले, शेकाटे त्याच पट्ट्यावर चरतात, रोज नवीन ताट वाढल्यासारखं त्यांना मिळतं. त्याच पट्ट्यावर दोन दिवसांनी गाळपेरवाला हरभरा टाकतो, वाफसा बरोबर सापडतो, वरून पाणी द्यावं लागत नाही. धाडकन उतरलं तर पक्ष्यांचा चिखल दोन दिवसांत कडक होतो, भेगा पडतात, आणि गाळपेरवाल्याला एकाच वेळी सगळं शेत मोकळं मिळतं पण पेरायला माणसं नाहीत, ओल उडून जाते, मग तो इंजिन लावून धरणातूनच पाणी उचलतो आणि कालव्यावाले त्याच्या नावानं ओरडतात. भोई लोकांचंही तेच, झपकन उतरलं की काठाच्या डबक्यांत लहान मासळी अडकते, दोन दिवस बगळ्यांची मजा आणि मग वास. आणि खात्याच्या बाजूनं बोलायचं तर मातीच्या धरणात पाणी झपाट्यानं उतरवणं धरणालाही बरं नाही, भरावात आत मुरलेलं पाणी तेवढ्या वेगानं बाहेर पडत नाही आणि पाण्याकडचा उतार घसरायची भीती असते, म्हणून संकल्पचित्रातच झपाट्याच्या उतराचा विचार केलेला असतो. एवढ्या सगळ्यांना हळू उतरलेलं चालतं तर मग भरभर का उतरवतो आपण? कालव्यात कमी प्रवाह सोडला तर टेलला पोचत नाही म्हणून. याला उपाय आहे, कालव्याच्या चाऱ्या, म्हणजे फाटे, दोन गटांत वाटा, एक गट बंद झाला की दुसरा, प्रवाह कमी पण दिवस जास्त. पाणीवापर संस्था कामाच्या असतील तर हे होतं. २००५ च्या कायद्यानं संस्थांना घनमापन पद्धतीनं, म्हणजे मोजून, पाणी द्यायचं आहेच. गळती थोडी वाढते, कालव्याला अस्तर नसेल तर जास्त वाढते, ते हिशोबात धरा.

गाळपेरीबद्दल दोन शब्द वेगळे, कारण या लोकांना मीटिंगला कोणी बोलवत नाही. धरणात जमीन गेली ती यांची. पाणी उतरल्यावर जी जमीन उघडी पडते ती एका हंगामासाठी भाडेपट्ट्यानं देतात आणि प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असतं, ते असायलाच पाहिजे. पण त्यांना तारीख कळली पाहिजे. "डिसेंबरच्या पंधरवड्याला अमुक पातळी" एवढं ऑक्टोबरात कळलं तर तो गहू टाकायचा का टरबूज ते ठरवतो, बियाणं आणतो. न कळता पेरलं आणि वरून अवकाळी येऊन पाणी चढलं किंवा आवर्तन पुढं ढकललं की वेल पाण्याखाली, आणि भरपाई नाही कारण पट्ट्यातच लिहिलेलं असतं. यांच्याकडून मात्र एक गोष्ट मागा आणि ठामपणे मागा, तणनाशक आणि जहाल कीटकनाशक गाळपेरीत नको, कारण पुढच्या जुलैत ती माती पाण्याखाली जाते आणि ते पाणी गाव पितं. आणि पक्ष्यांसाठी एखादी खाडी, म्हणजे काठाचा आत घुसलेला एखादा उथळ भाग, पट्ट्यानं देऊच नका. सगळा काठ मागितला तर काहीच मिळणार नाही हे पोरांना सांगा, एक खाडी मागा आणि ती कायमची मागा. तेवढ्यानं पुष्कळ होतं, चक्रवाक, तलवार बदकं, थापट्या यांना निवांत उथळ पाणी मिळालं की ते तिथंच टिकतात.

सुरयांचं नीट समजून घ्या, कारण इथं चांगल्या मनाची माणसं चुकीची मागणी करतात. नदीसुरय उन्हाळ्यात, साधारण मार्च ते मे, उघड्या बेटावर वाळूत-खडीत नुसता खोलगट खळगा करतो, त्यात दोन-तीन अंडी, खड्यांच्याच रंगाची ठिपके-ठिपकेवाली, पाय पडला तरी कळणार नाही. शेजारी छोटे आर्ली पण असतात. तीनेक आठवडे उबवण आणि पिल्लं उडायला अजून महिनाभर लागतो. म्हणजे एका जोडीला दोनेक महिने शांतता हवी. आता तुमच्या धरणात उन्हाळ्यात पाणी चढत नाही, वरून पाणी सोडणारं दुसरं धरण नाही, त्यामुळे घरटी बुडण्याचा धोका कमी. खरा धोका उलटा आहे, पाणी उतरून बेट काठाला जोडलं जातं आणि रात्रीतून कुत्री, कोल्हे पोचतात, मग शेळ्या, मग पोरं. एका रात्रीत सगळी वसाहत जाते. म्हणून मागणी "पाणी भरून ठेवा" अशी नको, "बेट जोडलं जातं त्या पातळीच्या वर अर्धा मीटर पाणी मेअखेरपर्यंत राहू द्या" अशी पाहिजे. ती पातळी तुम्ही होडीतून मोजलेली आहेच. आणि ती पाळणं एखाद्या वर्षी शक्य नसेल तर जोडणाऱ्या मानेवर एक चर खणा, चार-पाच मीटर रुंद, जेसीबीचं अर्ध्या दिवसाचं काम, फेब्रुवारीत, घरटी व्हायच्या आधी, खात्याची परवानगी घेऊन. धरण भरलेलं ठेवण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं. नदीच्या पात्रातल्या वाळूच्या बेटांची गोष्ट वेगळी, तिथं वरच्या धरणातून एप्रिलमध्ये आवर्तन सुटलं की अंडी वाहून जातात, तिथं सोडण्याची तारीखच बघावी लागते.

आणि कायद्याच्या भरवशावर राहू नका. २०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी, पिण्यासाठी म्हणून बांधलेले मानवनिर्मित जलाशय व्याख्येतूनच बाहेर ठेवलेत. त्यामुळे "हे पाणथळ आहे, पाणी हलवू नका" हा मुद्दा खात्यापुढे टिकणार नाही. नांदूर मध्यमेश्वर हा सुद्धा गोदावरीवरचा बंधाराच आहे आणि २०२० मध्ये तो महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला, पण तिथं आधीपासून अभयारण्य होतं. तुमच्या मध्यम प्रकल्पाला मार्ग एकच, खात्याचं जे जलाशय परिचालनाचं वेळापत्रक असतं, कुठल्या पंधरवड्याला किती पातळी, त्यात तुमची बेटाची पातळी लिहून घेणं. एकदा तिथं लिहिली गेली की नवा साहेब आला तरी ती पुढं चालते.

यात्रेकडे येतो. अखाजीला खान्देशात नदीला पाणी असणं ही फक्त देवाची गोष्ट नाही, सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणत गौराई घेऊन नदीवर जातात आणि पात्र कोरडं असेल तर त्या खड्ड्यातल्या चिखलात गौराई बुडवतात, हे बघवत नाही. इंजिनिअर लोक याला पाण्याची नासाडी म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. पण धरणातून खास यात्रेसाठी पाणी सोडणंही बरोबर नाही, कारण एप्रिल-मेची तापलेली वाळू पहिलं पाणी पिऊन टाकते, सोडलेल्यातलं निम्मं सुद्धा पुढं पोचेल याची खात्री नसते. मार्ग तारखेत आहे. उन्हाळ्यात पिण्यासाठी नदीतून एक-दोन आवर्तनं सोडावीच लागतात, गिरणेवर जामदा, दहिगाव बंधाऱ्यापर्यंत आणि पुढं तसंच पाणी नेतात आणि काठच्या कितीतरी गावांच्या विहिरी त्याच्यावर चालतात. अखाजी एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते, पंचांगात वर्षभर आधी माहीत असते. ते पिण्याचं आवर्तन चार-सहा दिवस पुढं-मागं करून अखाजीच्या आदल्या दिवशी तुमच्या गावाजवळून पाणी वाहत असेल असं बसवा. एक थेंब जास्त लागत नाही. फक्त हे ऑक्टोबरात मागितलं पाहिजे, अखाजीच्या चार दिवस आधी आमदारांना फोन करून नाही.

धरणाच्या काठावरच्या घाटाचं वेगळं. तिथं लोकांना वाटतं पाणी जास्त म्हणजे बरं, पण यात्रेला धोका पाणी जास्त-कमी असण्याचा नसतो, नुकतंच उतरलेलं असण्याचा असतो. ज्या पायऱ्या कालपर्यंत पाण्याखाली होत्या त्यांच्यावर गाळाचा आणि शेवाळाचा थर असतो, म्हाताऱ्या बाया तिथंच घसरतात. म्हणून यात्रेच्या आधीचे पाच-सहा दिवस विमोचक, म्हणजे धरणातून पाणी सोडायचं दार, बंद किंवा अगदी कमी ठेवा, लेव्हल थांबवा, पायऱ्या धुऊन काढा, पाण्यात दोरी बांधा. महाशिवरात्रीला चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर आणि मुक्ताईला जी गर्दी उतरते तिथं सुद्धा हाच नियम लागू, ती तर हतनूरच्या फुगवट्याची, म्हणजे बॅकवॉटरची, जागा आहे. श्रावणात कानबाई आणि मग गणपती, तेव्हा उलट, धरण भरत आलेलं असतं आणि सांडव्याखालच्या पात्रात विसर्जन करू देऊ नका, पाणी सोडल्याचा भोंगा वाजेपर्यंत वेळ नसतो. वरच्या बाजूला काठाशी एक जागा ठरवा, मूर्ती पीओपीची असेल तर हौदात.

पावसाळ्यातल्या लेव्हलवर मी थोडंच बोलतो कारण तुमच्या धरणाला गेट नसतील, नुसता सांडवा असेल, तर तुमच्या हातात काही नाही, भरलं की वाहतं. गेट असतील तर एकच सांगतो, "जुलैत भरून घ्या" हा आग्रह धरू नका. ऑगस्ट २००६ मध्ये तापीवरचं गुजरातेतलं उकाई धरण भरत आलेलं असताना वरून तापीचा पूर आला, प्रचंड पाणी सोडावं लागलं आणि सुरत बुडालं, धरण आधी रिकामं का ठेवलं नाही यावर तेव्हा खूप टीका झाली. हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला ते उघडे दिसले की लोक म्हणतात पाणी वाया घालवतात, पण बऱ्हाणपूर, देडतलाई, चिखलदरा, गोपालखेडा, लखपुरीकडे पडलेला पाऊस झपाट्यानं येतो आणि पहिल्या पुराचं गढूळ पाणी अडवलं तर गाळच अडवला जातो. उशिरा भरणं हे तिथं शहाणपण आहे.

मच्छीमार सोसायटीचं म्हणणं सगळ्यात साधं आहे आणि ते मान्य करायला काही जात नाही. मृतसाठ्याला, म्हणजे विमोचकाच्या खाली राहणाऱ्या तळाच्या पाण्याला, हात लावू नका. कटला, रोहू, मृगळची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोसायटी विकत आणून सोडते, पण मरळ, वाम, शिंगाडा ही गावरान मासळी स्वतःच वाढते आणि तिची बीजाची मासळी मे महिना मृतसाठ्यातच काढते. पाणी फार उथळ झालं की तापतं, पहाटे ऑक्सिजन संपतो आणि सकाळी पांढरी पोटं वर. टंचाईत पिण्यासाठी मृतसाठा उचलावा लागला तर उचला, माणूस आधी, पण सोसायटीला पंधरा दिवस आधी सांगा म्हणजे ते मोठी मासळी काढून विकतील, त्यांचं वर्ष तरी वाचेल.

कमी पावसाच्या वर्षाचं काय, हे कोणी विचारलं नाही पण सगळं तिथंच मोडतं. चांगल्या वर्षी सगळे समजूतदार असतात. याचं उत्तर आपल्याकडंच आहे, साक्रीकडे पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात एक पीक, आणि प्रत्येक शेतकऱ्याचा थोडा थोडा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी असलं की एखादा फड पडीक ठेवायचा. म्हणजे तोटा सगळ्यांना सारखा आणि प्रत्येकाचं काहीतरी पिकणारच. पाटकरी, जागल्या, हवालदार ही माणसं गावानं नेमलेली, पगार धान्यात. टंचाईत कोणाचं काय कापायचं हे टंचाई यायच्या आधी ठरलेलं होतं, तेच तिथलं बळ. तुमच्या वेळापत्रकाचे तसेच तीन तक्ते करा, धरण पूर्ण भरलं तर, साठ-सत्तर टक्के भरलं तर, आणि निम्म्याच्या खाली राहिलं तर. तिसऱ्या तक्त्यात उन्हाळी आवर्तन नाही, गाळपेर लवकर, बेटाला पाण्याऐवजी चर, घाटावर पाण्याऐवजी टाकी. सगळ्यांचं थोडं थोडं कापलेलं, आणि सगळ्यांच्या सह्या पाऊस पडायच्या आधी, जूनमध्ये. ऑक्टोबरात आकडा आला की कुठला तक्ता लागू ते आपोआप ठरतं, मीटिंगमध्ये आवाज चढवायला जागा राहत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, हे सगळं जिथं लेव्हल जिल्ह्यात ठरते तिथलं आहे. नवापूर तालुक्यातली उकाईच्या फुगवट्याकाठची गावं किंवा अक्कलकुवा-धडगावकडची सरदार सरोवराच्या काठची आदिवासी गावं, त्यांचं पाणी दुसऱ्या राज्याच्या गरजेवर वर-खाली होतं. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, आणि त्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं येतात. मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, नवं गुजरातेत दुसरीकडे बांधलं. तिथल्या लोकांना मी तारीख आणि वेगाचं तत्त्वज्ञान सांगू शकत नाही, त्यांनी निदान पातळी बदलायच्या आधी गावात, त्यांच्या भाषेत, लेखी निरोप मिळण्याचा हक्क धरून बसावं, कारण होडीनं शाळेत आणि दवाखान्यात जाणाऱ्याला एका रात्रीत सरकलेला काठ म्हणजे जिवाचा प्रश्न असतो.

तुमचं काम त्या मानानं सोपं आहे. ऑक्टोबरच्या मीटिंगच्या आधी कार्यकारी अभियंत्यांकडे एक अर्ज द्या, ग्रामपंचायतीचा, सोसायटीचा आणि पाणीवापर संस्थेचा एकत्र, वेगवेगळे नको. सोबत मागच्या पाच वर्षांच्या १ आणि १५ तारखेच्या मोजपट्टीच्या नोंदी लावा, त्या मागितल्या की मिळतात, नाही मिळाल्या तर माहितीच्या अधिकारात मिळतात. तुमचा उंच्यांचा कागद लावा आणि खाली फक्त तीन मागण्या लिहा, बेटाची पातळी मेअखेर, पिण्याच्या आवर्तनाची अखाजीशी जोडलेली तारीख, आणि यात्रेआधी पाच दिवस लेव्हल स्थिर. गाळपेरीच्या तारखा मीटिंगमध्ये तोंडी मांडा, त्या साहेबच लिहून घेतात. आणि जानेवारीतलं आवर्तन संपलं की सगळे पुन्हा एकदा धरणावर बसा, मोजपट्टी आणि तक्ता समोर ठेवा, ठरल्यापेक्षा पाणी खाली गेलं असेल तर मार्चच्या तारखा तेव्हाच बदलून घ्या, कारण मार्चमध्ये केळीवाल्याला नाही म्हणणं कोणालाच जमत नाही.